सामुराई, रोजनिशी आणि एक रकाना

परवा दिवाळीची आवराआवर करताना भिंतीतल्या कपाटाच्या वरच्या फळीवर बुटांचं एक खोकं सापडलं. आत जपानी सिनेमांच्या डीव्हीडी. "हे अजून ठेवलंयस? आता कोण बघतंय?" असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मी बघतेय." आणि खरंच, त्या रात्री जेवणं आटोपल्यावर जुना प्लेअर पुसून टीव्हीला जोडला. चालला. मधूनमधून चित्र गोठतं, कुणाची तरी तलवार अर्ध्यावरच थांबते, पण चालतो.

आता तुम्ही म्हणाल, शहात्तर वर्षांची बाई, जन्म सगळा तालुक्याच्या गावात गेलेला, शिक्षण मराठी माध्यमातलं बी.ए., हिचा आणि सामुराईंचा संबंध काय? सांगते. पण त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी १९७२ ते २००७ अशी पस्तीस वर्षं एकाच शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकात जपान दीड-दोन पानांचा. मेजी क्रांती, रशियाचा पराभव, मग हिरोशिमा. सामुराई हा शब्द एकदाच यायचा, 'लढवय्या वर्ग' एवढ्या ओळखीवर. मुलं विचारायची, "बाई, म्हणजे आपल्या मावळ्यांसारखे का?" मी "साधारण तसंच" म्हणून पुढे जायची. तास पस्तीस मिनिटांचा, काय करणार!

निवृत्त झाल्यावर पुढच्याच वर्षी, म्हणजे २००८ साली, अमेरिकेत असलेला माझा भाचा सुट्टीवर आला. येताना माझ्यासाठी या डीव्हीडी घेऊन आला. "मावशी, तू इतिहासाची ना, मग हे बघच." घरात प्लेअर होता, त्यात तबकडी घातली तर पडद्यावर नुसताच इशारा. भाचा म्हणाला, अमेरिकेतल्या तबकड्यांचा विभाग एक, आपला पाच, एकीकडची दुसरीकडे चालू नये अशी कंपन्यांनी व्यवस्था करून ठेवली आहे. शेवटी ज्या दुकानातून प्लेअर घेतला होता त्या मुलाने रिमोटची चार-पाच बटणं एका क्रमाने दाबली आणि जगाच्या सगळ्या सीमा पुसल्या! मला भारी गंमत वाटली.

पहिला बघितला तो अकिरा कुरोसावांचा 'सेव्हन सामुराई', १९५४ सालचा. तीन तास सत्तावीस मिनिटं. ज्या काळी आमच्या गल्लीत गणपतीत व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचे, त्या काळी मला कुणी हा दाखवला असता तर मी अर्ध्यावर झोपले असते. पण घरचा प्लेअर ही वेगळीच सोय आहे. जपानी कळत नाही, खालच्या इंग्रजी ओळी माझ्या वेगाने वाचून होत नाहीत. मग थांबवायचं, वाचायचं, अडलेला शब्द कोशात बघायचा आणि पुढे जायचं. आम्ही तो तीन संध्याकाळी मिळून संपवला. थिएटरात हे जमलं नसतं. तिथे सिनेमा तुम्हाला ओढून नेतो, घरी मात्र तुम्ही त्याला जुन्या पत्रासारखं वाचू शकता, ओळीवर बोट ठेवून.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, निदान 'शोले'मुळे तरी. दरोडेखोरांनी गांजलेलं गाव, शेतकरी भाताच्या मोबदल्यात सात लढवय्ये राखायला आणतात. मला अडखळवलं ते एका लहानशा प्रसंगाने. तोशिरो मिफुनेंनी रंगवलेला किकुचियो हा सातवा गडी मुळात शेतकऱ्याचा पोर. पण सामुराई म्हणवून घेण्यासाठी तो कुणाची तरी वंशावळ दाखवतो. म्होरक्या कांबेई ती वाचतो आणि हसू लागतो, कारण त्या कागदाप्रमाणे या दाढीवाल्या दांडग्याचं वय तेरा भरतं! मी तिथे थांबवलं. वंशावळीतलं जन्मवर्ष १५७४ चं. जपानी पद्धतीने तेराव्या वर्षात, म्हणजे गोष्ट १५८६ ची.

आणि अवघ्या दोन वर्षांनी, १५८८ मध्ये, जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने 'तलवारशोध' नावाचा हुकूम काढला. शेतकऱ्यांनी तलवारी, भाले, बंदुका सरकारजमा करायच्या. कारण काय दिलं? तर त्या लोखंडाचे खिळे आणि जोड क्योतोत उभ्या राहणाऱ्या महाबुद्धाच्या कामाला वापरू, म्हणजे तुम्हाला पुण्यच लागेल. पुढे १५९१ च्या हुकमाने सामुराईने शेतकरी व्हायचं नाही आणि शेतकऱ्याने धंदा बदलायचा नाही असंही ठरवून टाकलं. गंमत म्हणजे हा हिदेयोशी स्वतः अगदी सामान्य घरातून, पायदळातून वर आलेला. ज्या शिडीने आपण चढलो ती त्याने वर ओढून घेतली. किकुचियो ज्या दारातून घुसायला धडपडतो, ते दार दोन वर्षांत कायमचं बंद होणार आहे, हे त्याला माहीत नाही. बघणाऱ्याला माहीत असलं तर त्याच्या माकडचेष्टांचं हसू येईनासं होतं.

त्याच सिनेमात गावकऱ्यांनी लपवलेली चिलखतं सापडतात. हरलेल्या, पळून जाणाऱ्या सामुराईंना मारून लुटलेली. बाकीचे सामुराई संतापतात, तेव्हा किकुचियो उसळून म्हणतो, की हो, शेतकरी लबाड असतात, कंजूष असतात, खुनीसुद्धा असतात, पण त्यांना तसं केलं कुणी? तुम्हीच. मिफुने कॅमेऱ्याकडे तोंड करून हे बोलतात तेव्हा ते जणू १९५४ सालच्या प्रेक्षकांना विचारत असतात. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकन अंमलात तलवारीच्या ऐतिहासिक चित्रपटांवर कडक निर्बंध होते. तो अंमल एप्रिल १९५२ मध्ये संपला. दोनच वर्षांनी हा चित्रपट आला आणि त्याने तलवारीचे गोडवे गाण्याऐवजी तलवारीखाली भरडलेल्यांची बाजू मांडली.

तर सांगत काय होते, इथून मला या सिनेमांचा नाद लागला. पण जो चित्रपट मनातून आजतागायत गेला नाही तो 'हाराकिरी'. दिग्दर्शक मासाकी कोबायाशी, साल १९६२. हा रुंद पडद्याचा. टीव्हीवर वरखाली काळ्या पट्ट्या आल्या तर हे म्हणाले, "टीव्ही बिघडला." बिघडला नव्हता. जुन्या टेपांवर असे रुंद चित्रपट टीव्हीत बसवायला कडा कापायचे म्हणे. डीव्हीडीत पूर्ण चित्र दिसतं, पट्ट्यांसकट. या चित्रपटात कडेला कोण बसलंय याला फार महत्त्व आहे, हे पुढे कळलं.

आधी पार्श्वभूमी सांगते, सवयच आहे ती. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई झाली, १६०३ पासून तोकुगावा शोगुनांची सत्ता सुरू झाली आणि १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पडल्यावर मोठ्या लढाया संपल्या. पुढची अडीचशे वर्षं शांतता. प्रजेला शांतता चांगलीच, पण ज्यांचा धंदाच लढणं त्यांनी काय करायचं? त्यातून सुरुवातीच्या शोगुनांनी लहानसहान कारणांवरून सरदारांची संस्थानं खालसा करण्याचा सपाटा लावला. हिरोशिमाचा फुकुशिमा मासानोरी हा सेकिगाहाराला तोकुगावांच्या बाजूने लढलेला मातबर सरदार. पुराने पडलेला किल्ला परवानगीशिवाय दुरुस्त केला, एवढ्या कारणावरून १६१९ मध्ये त्याची हिरोशिमाची दौलत गेली. धनी गेला की त्याच्या पदरचे सगळे सामुराई रस्त्यावर. अशा बिनधन्याच्या सामुराईला म्हणायचं 'रोनिन'. १८१८ नंतर पेशव्यांच्या पदरच्या शिपायांचं काय झालं असेल, हे शिकवताना मी कधी दोन मिनिटं थांबले नव्हते. रोनिन बघून थांबले.

'हाराकिरी'ची गोष्ट १६३० सालच्या मे महिन्यातली. एदो म्हणजे आजचं तोक्यो. तिथे ईई नावाच्या बड्या घराण्याच्या वाड्यावर त्सुगुमो हानशिरो हा पन्नाशीचा रोनिन येतो. फुकुशिमांच्या पदरचा. म्हणतो, उपासमारीने जगण्यापेक्षा सन्मानाने पोट फाडून घेतो, तुमचं अंगण द्या. (ही भूमिका करणारे तात्सुया नाकादाई त्या वेळी तिशीचेही नव्हते, हे नंतर वाचलं तेव्हा विश्वास बसेना.) वाड्याचा कारभारी त्याला एक हकीकत ऐकवतो. मागे असाच एक तरुण आला होता, चिजिवा मोतोमे नावाचा. असे रोनिन धमकी देतात आणि चार पैसे घेऊन जातात, हे ओळखून वाड्याने त्याला खरोखरच पोट फाडायला लावलं. तेही त्याच्याच तलवारीने. आणि त्याची तलवार होती बांबूची. बायको आणि तान्हं मूल आजारी, म्हणून पोलादी पाती त्याने आधीच विकली होती.

तो तरुण हानशिरोचा जावई असतो. हानशिरो अंगणात बसून शांतपणे सगळी कहाणी सांगतो. त्यातली एक गोष्ट मला फार लागली. जावयाने तलवार विकली हे कळतं तेव्हा हानशिरो आपल्याच तलवारीवर चिडतो, की मला ही विकायचं सुचलंसुद्धा नाही! मी या निरर्थक वस्तूला कवटाळून बसलो. मानमरातब म्हणून आपण काय काय कवटाळतो, नाही?

हानशिरो आपल्या शेवटच्या क्षणी साथीला वाड्यातले तीन नावाजलेले वीर एकामागून एक मागतो. तिघेही गैरहजर. निरोप येतो, आजारी आहेत. मग हानशिरो खिशातून काढावी तशी बाहीतून तिघांची कापलेली शेंडी काढून समोर टाकतो. शेंडी कापली जाणं म्हणजे सामुराईची अब्रू गेली. पुन्हा वाढेपर्यंत ते 'आजारी' म्हणून घरी लपले होते. मग लढाई होते. चार मरतात, आठ जखमी होतात. हानशिरो आतल्या दालनात पोचतो. तिथे घराण्याच्या पूर्वजांचं चिलखत देवासारखं मांडलेलं आहे. तो ते उचलून आपटतो. आणि या तलवारबहाद्दरांच्या वाड्याला शेवटी त्याला संपवायला बंदुका आणाव्या लागतात.

खरा शेवट त्यानंतर आहे. कारभारी हुकूम देतो, की मेलेले सगळे आजाराने मेले असं नोंदवा. अंगण धुतलं जातं. झाडताना एका माणसाला कापलेली शेंडी सापडते, तो ती बादलीत टाकतो. आणि वाड्याची रोजनिशी वाचणारा आवाज येतो. रोनिनने रीतसर पोट फाडून घेतलं. आमचे अमुक अमुक आजाराने वारले. घराण्याची कीर्ती उज्ज्वल.

मी तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. कारण मला आठवलं, सिनेमा सुरूच मुळी त्या रोजनिशीच्या पानाने आणि त्या चिलखताने होतो. पहिल्यांदा बघताना मला वाटलं होतं, वा, दिग्दर्शकाने अस्सल साधन दाखवून सुरुवात केली! आता तेच पान बघताना अंगावर काटा आला. आम्हाला बी.ए.ला हेच शिकवलं होतं ना, की बखरी म्हणजे ऐकीव कथा, रंगवून सांगितलेल्या. विश्वास ठेवायचा तो समकालीन, अस्सल, दप्तरातल्या कागदावर. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि मराठी माणसाला कागदाची किंमत शिकवली. ती शिकवण आजही मी खोटी मानत नाही. पण इथे कागद समकालीन होता, अस्सल होता, तारीखवार होता आणि साफ खोटा होता. खरं होतं ते अंगणात बसून तोंडी सांगितलेलं.

मंडळी, हानशिरो काल्पनिक आहे, हे लक्षात ठेवा. त्याचं नाव इतिहासात शोधू नका. पण ईई घराणं खरं आहे आणि त्या घराण्याची एक खरी हकीकत सिनेमाइतकीच चकित करणारी आहे. ईई नाओसुके हा शोगुनाचा मुख्य कारभारी. मार्च १८६० मध्ये बर्फ पडत असताना एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर भरदिवसा त्याची पालखी अडवून त्याचा खून झाला, डोकं कापून नेलं. साऱ्या शहराला ठाऊक. पण घराण्याने कळवलं, की धनी जखमी आहेत, घरी उपचार चालू आहेत. कारण वारस रीतसर ठरलेला नसताना धनी असा मारला गेला, तर नियमाप्रमाणे दौलत खालसा. शोगुनाच्या दरबारालाही भडका नको होता, त्यांनीही ते मान्य केल्यासारखं केलं. तोक्योत गोतोकुजी देवळात त्याची समाधी आहे. (पंजा हलवणाऱ्या मांजरीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहे तेच देऊळ.) त्या दगडावरची मृत्यूची तारीख खुनाच्या दिवसाची नाही. जवळजवळ आठ आठवडे पुढची आहे. कागद सोडा, दगडसुद्धा खोटं बोलतो!

याच खुनावर १९६५ मध्ये किहाची ओकामोतो यांनी मिफुनेंना घेऊन एक चित्रपट काढला. त्याची पटकथा लिहिणारे शिनोबू हाशिमोतो हेच 'हाराकिरी'चे लेखक, आणि 'सेव्हन सामुराई'च्या लेखकांपैकीही एक. म्हणजे हा माणूस पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाभोवती फिरत होता.

का फिरत होता? १९४५ च्या ऑगस्टमध्ये शरणागती ठरली तेव्हा अमेरिकन फौजा पोचण्याआधी जपानी लष्कराने आणि सरकारी कचेऱ्यांनी कागदपत्रांचे ढीग जाळले. ही पिढी त्या धुरातून आलेली. कोबायाशींना १९४२ मध्ये सैन्यात भरती करून मांचुरियाला पाठवलं होतं. त्यांनी निषेध म्हणून बढती नाकारली, साधे शिपाईच राहिले. युद्ध संपल्यावर ओकिनावात कैदी होते. परत आल्यावर त्यांनी सामुराईंच्या गोष्टीत आपलं युद्ध सांगितलं. आणि ज्या 'बुशिदो'चा, सामुराई धर्माचा, युद्धकाळात एवढा जयघोष झाला, त्याची जगभर ओळख करून देणारं पुस्तक इनाझो नितोबे यांनी लिहिलं ते इंग्रजीत, अमेरिकेत असताना, १९०० च्या सुमारास. तोवर सामुराई उरलेच नव्हते. १८७६ मध्ये त्यांचा तलवार बाळगण्याचा हक्कही काढून घेतला गेला होता. वर्ग संपल्यावर त्याची नीती जास्त चकाकू लागली. ते चिलखत आत कुणी नसतानाच पुजलं जातं, तसं.

आता जे सांगायचं आहे ते लिहिताना हात जरा अडतो आहे.

'हाराकिरी' बघितला त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळ्यांपुढे जपानची रोजनिशी नव्हती, आमच्या शाळेचं जनरल रजिस्टर होतं. लांबरुंद, लाल पाठीचं. त्यात प्रत्येक मुलाची एक ओळ. नाव, जात, जन्मतारीख आणि अगदी उजवीकडे 'शाळा सोडण्याचे कारण' हा रकाना.

१९८६ साली मी नववीची वर्गशिक्षिका होते. आमच्या शाळेचा दहावीचा निकाल तीन वर्षं ओळीने शंभर टक्के लागला होता. वर्तमानपत्रात फोटो, संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते सत्कार. गावात शाळेचं नाव होतं आणि आम्हालाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू. नववीच्या वार्षिक परीक्षेनंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. पाच मुलांची नावं समोर ठेवली. "बाई, हे दहावीत निकाल पाडणार. पालकांना सांगा, वर चढवतो, पण दाखला काढून न्या. नाहीतर पुन्हा नववीत बसवतो."

मी म्हटलं, "सर, जातील कुठे?" ते म्हणाले, "सतरा नंबरचा फॉर्म आहे की."

चौघांचे पालक कुरकुरत का होईना, दाखला घेऊन गेले. पाचव्याची आई एकटी आली. विड्या वळणारी बाई, बोटांना तंबाखूचा वास. तो मुलगा गणितात आणि इंग्रजीत कच्चा, पण इतिहासाच्या तासाला पहिल्या बाकावर. 'मावळ्यांसारखे का' हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचं, त्या वर्षी त्याने विचारला होता. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा त्यांना. घरी बसला तर हा शिकायचा न्हाई. शाळंत असला तर शिकंल." मी म्हटलं, "माझ्या हातात नाही हो." ती उभीच राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मंग द्या दाखला."

त्या दिवशी कारकून रजेवर होता. रजिस्टर मीच भरलं. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात मी पाचही ओळींत तेच लिहिलं : पालकांच्या विनंतीवरून.

पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. पेढे वाटले. मीही खाल्ले.

सिनेमा बघितल्यावर पंधरा दिवसांनी मी पेन्शनच्या कागदाचं निमित्त काढून शाळेत गेले आणि ते रजिस्टर बघायला मागितलं. नव्या कारकुनाने कौतुकाने काढून दिलं, "बाई, तुमचं अक्षर किती सुरेख!" होतं खरंच. निळी शाई, वळणदार, एकही खाडाखोड नाही. उद्या कुणी अभ्यासक शंभर वर्षांनी ते रजिस्टर उघडेल तर म्हणेल, समकालीन नोंद आहे, अस्सल आहे, अक्षर संशयातीत आहे. त्या गावातले पालक आपण होऊन मुलांना शाळेतून काढत, असा निष्कर्षही काढील. त्या बाईच्या तंबाखूच्या वासाची नोंद कुठेच नाही.

रजिस्टरात खोडायची सोय नसते आणि माझा तो अधिकारही नव्हता. मी ते मिटून परत दिलं. त्या मुलाचं पुढे काय झालं हे मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर चौकशी केली तेव्हा ते कुटुंब गाव सोडून गेलेलं होतं.

तुम्ही म्हणाल, कुठे पोट फाडायला लावणं आणि कुठे एक दाखला. खरंय. तुलना प्रमाणाबाहेरची आहे, मलाही कळतं. पण वाड्याचा तो कारभारी कुणी राक्षस नव्हता हो. तो विचार करतो, कचरतो, मनातून त्यालाही ते पटत नसतं. तो फक्त घराण्याचं नाव सांभाळत होता. कडेला रांगेने बसलेले बाकीचे सामुराईही तेच करत होते. रुंद पडद्याच्या कडा कापल्या की ते दिसत नाहीत. मी त्या रांगेत बसले होते.

कोबायाशींचाच आणखी एक चित्रपट त्या खोक्यात आहे, १९६७ चा, इंग्रजीत नाव 'सामुराई रिबेलियन'. काळ १७२५ चा. धनी आपली नको झालेली रखेल, इची, एका सामुराईच्या मुलाच्या गळ्यात बांधतो. दोघांचं प्रेम जमतं, मुलगी होते. मग धन्याचा वारस मरतो, इचीचा मुलगा वारस ठरतो आणि हुकूम येतो, ती परत पाठवा. सासरा, म्हणजे मिफुने, नाही म्हणतो. शेवटी सगळे मरतात, राहते ती तान्ही नात. मरताना आजोबा तिला सांगतात, की तुझ्या आईबापाची ही गोष्ट आता कुणालाच कळणार नाही. तलवार लागल्यापेक्षा ते दुःख त्यांना मोठं वाटतं.

आणि त्यावर उतारा म्हणून की काय, शेवटची डीव्हीडी योजी यामादांच्या 'ट्वायलाइट सामुराई'ची, २००२ ची. सामुराई राजवटीचे अखेरचे दिवस. नायक कोठारातला कारकून. पगार पन्नास कोकू तांदूळ, कर्जाची कापाकापी होऊन हातात तीस. बायको वारलेली, म्हातारी आई घरात, दोन मुली. संध्याकाळ झाली की मित्रांबरोबर न रमता घरी जातो, म्हणून चिडवायचं नाव 'संधिप्रकाश'. मोठी मुलगी विचारते, शिवण शिकलं तर कपडे शिवता येतात, पुस्तकं शिकून काय होणार? बाप म्हणतो, विचार करता येईल, आणि विचार करता आला तर जग कितीही बदललं तरी तू निभावशील. पस्तीस वर्षं नोकरी करून मला इतकं सोपं उत्तर सुचलं नव्हतं! हा माणूस कुठल्या रोजनिशीत असणं शक्य नाही. त्याची गोष्ट आपल्याला कळते, कारण धाकटी मुलगी म्हातारी झाल्यावर सांगते. सबंध सिनेमा तिच्या आवाजात आहे.

असो. फार लांबलं. परवा रात्री 'हाराकिरी' शेवटाजवळ गोठला, नेमका कारभारी हुकूम देत असताना. तबकडी काढून पुसली, पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. हे म्हणाले, "जाऊ दे, शेवट तुला पाठच आहे." पाठ आहेच. म्हणून टीव्ही बंद केला आणि हे लिहायला बसले. रजिस्टरातली ती ओळ आहे तशीच राहणार. तिच्याशेजारी दुसरी कुठे तरी असावी म्हणून इथे लिहून ठेवते : जून १९८६, इयत्ता नववी, पाच मुलगे. शाळा सोडण्याचे कारण, शाळेचा निकाल. नोंद करणारी, वर्गशिक्षिका.